मशीन इचार करतंय

आकाराम चौगुले यांनी आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर 'आणि संगणकीय पत्रिका व गुणमेलन केंद्र' ही ओळ शेंदरी रंगात वाढवून घेतली, त्या दिवसापासून मंगळवार पेठेत त्यांच्याइतका खात्रीने बोलणारा माणूस दुसरा उरला नाही. खात्रीने ते पूर्वीही बोलत. पण तेव्हा त्यांच्या पाठीशी नुसते खडखडणारे टाइपरायटर होते. आता काचेच्या केबिनमध्ये, पंख्याखाली, अख्खा कॉम्प्युटर होता. सत्याऐंशी साल होतं. कोल्हापुरात कॉम्प्युटर पाहिलेली माणसं थोडी आणि त्याच्याविषयी ऐकलेली भरपूर, त्यामुळे आकारामरावांना काहीही सांगायला मोकळं रान होतं.

मुलाचं आणि मुलीचं नाव, जन्मतारीख, वेळ आणि गाव घातलं की मशीन थोडं घरघरायचं आणि पडद्याच्या बरोब्बर मध्यावर, छत्तीसपैकी किती गुण जुळले तो आकडा ठळक उमटायचा. "भटजी दोन दिस लावतोय," आकारामराव येईल त्याला सांगायचे, "आन पंचांग बघता बघता जांभया देतोय. आमच्या मशीनला जांभई ठाऊक न्हाय. तुम्ही चहा सांगा, चहा यायच्या आत गुण हातात. खोटं न्हाय, थांबणं न्हाय!" यातले शेवटचे चार शब्द तर त्यांनी भिंतीवर रंगवूनच घेतले होते.

पेठेतली निम्मीअधिक जोडपी मशीनमधून जाऊन आली होती. राहिलं होतं ते खुद्द आकारामरावांचं. "आपलं घालायचं न्हाय," त्यांच्या बायकोने, शालूबाईंनी, कॉम्प्युटर दारात उतरला तेव्हाच बजावलं होतं. "हाय ते बरं चाललंय." आकारामरावांचा मशीनवर पूर्ण विश्वास होता, पण त्यांनी हा मुद्दा पुन्हा कधी काढला नाही.

तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई सुरू झाली आणि पुण्याच्या कंपनीने कुंडलीच्या प्रोग्रॅमची सुधारित आवृत्ती एसटीने पाठवून दिली. जुन्या फ्लॉप्या परत मागवल्या होत्या, त्या आकारामरावांनी त्याच एसटीने रवाना केल्या. नवी आवृत्ती म्हणजे नवं काम, आणि नवं काम मुहूर्ताशिवाय करायला ते काही अडाणी नव्हते. बुधवारी सकाळी त्यांनी कॉम्प्युटरपुढे नारळ फोडला, त्याच्या डब्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार पडद्याच्या कपाळावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला. मशीन नवरदेवासारखं दिसायला लागलं.

"दिवेलागणीपातूर हार काढायचा न्हाय," शालूबाई तबक उचलता उचलता म्हणाल्या. "पूजंचा हाय."

"कोण काढतंय?" आकारामराव म्हणाले. त्यांनी नव्या फ्लॉप्या एकेक करून मशीनला भरवल्या, स्वतःची एकट्याची पत्रिका काढून पाहिली, ती सुरेख छापून आली. गुणमेलन तपासायला जोडपं लागतं, आणि घरात होतं ते जोडपं घालायची तर मनाई होती. "झकास चाललंय," असं स्वतःलाच सांगून त्यांनी हात झटकले.

चहाच्या वेळेला दारात जीप थांबली. तिच्यातून आधी एक फेटा उतरला आणि मग फेट्याखालचे हंबीरराव. पन्हाळ्याच्या पायथ्याची ही मातब्बर असामी. मागोमाग त्यांच्या कारभारीण धोंडुबाई आणि त्यांचा सयाजी. सयाजी उतरला तो पायरीपाशीच उभा राहिला, कारण पायरीवर मालन उभी होती. मालन कळंब्याच्या गुंडूआण्णांची मुलगी. गुंडूआण्णा तिला घेऊन सकाळी लवकरच येऊन बसले होते.

दोन्हीकडची पसंती झाली होती. सयाजीला मालन आवडली होती, मालनला सयाजी आवडला होता, आणि हे दोघांनीही तोंडाने सांगितलं नसलं तरी न कळायला कुणी आंधळं नव्हतं. राहिले होते फक्त गुण. ते मशीनवर सगळ्यांनी मिळून बघायचे आणि तिथूनच कळंब्याला जाऊन सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. गुंडूआण्णांच्या घरी पुरण शिजत होतं, भावकी जमली होती. मालनचं एक स्थळ मागच्या साली पत्रिकेवरून परत गेलं होतं. दुसऱ्यांदा तसं झालं असतं, तर तिसरं स्थळ दारात यायच्या आधी चार घरी चौकशी करून आलं असतं, हे गुंडूआण्णांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"या पावणं, या!" आकारामराव म्हणाले. "चहा सांगतो. पर तुमास्नी प्यायला येळ गावायचा न्हाय. त्याच्या आत निकाल!"

त्यांनी सयाजीची माहिती घातली, मालनची घातली आणि ऐटीत शेवटची कळ दाबली. मशीन घरघरलं. मग थांबलं. पडद्यावर झेंडूच्या हाराखाली नुसती निळी पाटी. आकारामरावांनी कळ पुन्हा दाबली. मशीनने 'टुंक' असा आवाज काढला. पुन्हा दाबली. पुन्हा 'टुंक'.

चहा आला.

"काय वो, आला की चहा," हंबीरराव म्हणाले.

इथे आकारामरावांनी 'मशीन अडलंय' एवढे दोन शब्द उच्चारले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते भिंतीवरच्या चार शब्दांच्या खाली बसले होते. आणि माणूस स्वतः रंगवून घेतलेल्या भिंतीखाली बसला की त्याची जीभ वेगळी चालते.

"मशीन इचार करतंय," ते म्हणाले.

"इचार?" हंबीररावांनी बशी खाली ठेवली. "परवा आमच्या मेव्हण्याच्या पोराचं तर फटक्यात सांगिटलं म्हणं."

"साधी पत्रिका आसंल त्येची. ही खोल हाय."

"खोल म्हंजे?"

"म्हंजे... खोल. वरवरची न्हाय. मशीनला आत उतरायला लागतंय."

हंबीररावांनी धोंडुबाईंकडे पाहिलं. धोंडुबाईंनी मालनकडे पाहिलं. "आमच्या सयाचं तर काय खोल न्हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पण तो कोल्हापूरकडचा हळू आवाज, रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेला. "जोतिबाच्या गुरवानं काढल्याली पत्रिका हाय. सरळ."

म्हणजे खोल उरली ती मालनचीच. गुंडूआण्णांच्या कपाळावर घाम आला. मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आकारामरावांकडे असं रोखून पाहिलं, की त्यांना उगीचच आपल्या चष्म्याच्या काचा पुसाव्याशा वाटल्या.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सगळी माहिती नव्याने घातली. घरघर, निळी पाटी, टुंक. टेबल भिंतीपासून पुढे ओढून पाहिलं. शालूबाईंनी सुचवलं म्हणून मशीनचं तोंड पूर्वेला केलं. पूर्वेकडे तोंड करून मशीनने तोच आवाज काढला.

"इजंचा दाब कमी हाय," आकारामराव शेवटी म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून अल्लाउद्दीनला हाक मारली. अल्लाउद्दीन त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. कोल्हापुरातला कुठलाही रेडिओ तो दोन मिनिटांत उघडत असे, बंद व्हायला थोडे दिवस लागत. तो पेचकस कानावर खोचून आला, त्याने खोक्याला कान लावला, आणि मग रेडिओला घालतात तशी एक सणसणीत चापट कॉम्प्युटरला घातली.

"आरं आरं! रेडिओ न्हाय त्यो!"

"आकारामभाई, आतनं सगळं तारंचंच हाय," अल्लाउद्दीन म्हणाला. त्याने स्टॅबिलायझर तपासला, वायर हलवल्या, मागचं झाकण उघडून आत फुंकर मारली. पडद्यापाशी आला तेव्हा मात्र त्याचे हात फार जपून चालू लागले. हाराला कोपराचाही स्पर्श होऊ नये म्हणून तो अंग चोरून, मान वाकडी करून काम करत होता. "देवाचा हाय. ह्येला मी हात लावत न्हाय," तो शालूबाईंना म्हणाला. शालूबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं.

हंबीरराव दारातून पाहत होते. "काय वो मिस्त्री, मशीन बिघडलंय काय?"

अल्लाउद्दीनने दोस्ताकडे पाहिलं. दोस्ताचा चेहरा पडला होता आणि भर गिऱ्हाइकांत त्याची अब्रू जायची वेळ आली होती. अशा वेळी कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे अल्लाउद्दीनला कुणी शिकवायला नको होतं. "मशीन?" तो छाती काढून म्हणाला. "मशीन एकदम ठणठणीत! हत्ती बांधला तरी हालायचं न्हाय."

झालं. मशीन ठणठणीत असेल तर दोष दुसरीकडे कुठेतरी होता. हंबीररावांनी मान हलवली, धोंडुबाईंनी एक सुस्कारा सोडला, आणि एव्हाना दारात गोळा झालेल्या मंडळींना बोलायला विषय मिळाला. एकजण म्हणाला, मूळ नक्षत्र असणार. दुसरा म्हणाला, मूळ नक्षत्राला मशीन घाबरत नाही, हा मंगळ आहे आणि तोही साधा नाही. सायकलवाल्याने नक्की माहिती आणली, की पोरीची पत्रिका बघून मशीन जागच्या जागी गार पडलं.

"अल्ल्या, काय बोलून बसलास रं?" आकारामराव कुजबुजले.

"तुझीच बाजू धरली की!"

समोरच्या औषधांच्या दुकानात फोन होता. आकारामरावांनी पुण्याला फोन लावला आणि बऱ्याच खटपटीनंतर कंपनीतला माणूस सापडला. तो अगदी शांत आवाजात बोलणारा होता. "नव्या आवृत्तीत दोन-चार सोयी वाढवल्यात," तो म्हणाला. "पडद्यावर काही लिहून आलंय का?"

आकारामरावांनी रस्त्यापलीकडे, काचेच्या केबिनमधल्या आपल्या मशीनकडे नजर टाकली. हार छान दिसत होता. "काय न्हाय," त्यांनी ठासून सांगितलं. "कोरा करकरीत."

"नीट पाहिलंत? वरच्या बाजूला वगैरे?"

"साहेब, सकाळधरनं त्येच्याच तोंडाकडं बघत बसलोय. बायकोच्या तोंडाकडं एवढं बघिटलं न्हाय कधी."

"मग आमच्याकडून काही अडचण नाही," पुणं म्हणालं, आणि फोन ठेवला.

ते रस्ता ओलांडून परतले तेव्हा गुंडूआण्णा पायरीवर उभे होते. सकाळी ताठ असलेला माणूस आता पार वाकला होता. "आकारामराव," ते म्हणाले, "तकडं घरात पुरण वाटून ठेवलंय. माणसं वाट बघत्यात. काय आसंल ते सांगून मोकळं करा."

आकारामरावांनाही एक बहीण होती, आणि तिच्या वेळी त्यांचे वडील असेच कुणाकुणाच्या पायरीवर उभे राहिले होते. उत्तर सुचायच्या आत मालनच पुढे आली. "मामा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा कापला तरी थांबला नाही, "मशीन बिघडलंय का माझ्यात काय खोट हाय? दोन्हीतलं एकच सांगा, पर खरं सांगा. हितनं बाहीर पडल्यावर लोक मला इचारणार हायीत, तुमच्या मशीनला न्हाय."

आकारामरावांनी भिंतीवरच्या त्या चार शब्दांकडे पाहिलं. रंगाऱ्याने अक्षर फार सुरेख काढलं होतं. मग त्यांनी तिकडे पाठ फिरवली.

"बिघडलंय," ते म्हणाले. "सकाळी नवं घातलंय त्येच्यात, तवापास्नं बिघडलंय. पोरीचं कायबी खोल न्हाय. मी आपला माझ्या मशीनचा मोठेपणा सांभाळत बसलो."

हे सांगायला त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना माहीत. आता सगळं सुरळीत होईल असं त्यांना वाटलं. पण हंबीररावांचे डोळे पाणावले. त्यांनी पुढे होऊन आकारामरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोठ्या मनाचा माणूस," ते गर्दीकडे वळून म्हणाले. "पोरीची अब्रू झाकायसाठनं सोताच्या मशीनला नाव ठेवाय लागलाय."

"आवो न्हाय! खरंच बिघडलंय!"

"आसूं दे, आसूं दे. आमी समजलो काय समजायचं ते."

"अल्ल्या, सांग की ह्यास्नी!"

"बिघडलंय, साहेब," अल्लाउद्दीन मान खाली घालून म्हणाला. "पार गेलंय."

"आन मघाशी हत्ती बांधत हुतासा त्यो?"

जीपच्या ड्रायव्हरने अंदाज घेऊन गाडी वळवून ठेवली. सयाजी वडिलांकडे आणि मालनकडे आळीपाळीने पाहत उभा होता. बोलायचं पुष्कळ होतं, पण वडिलांपुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. तेव्हा मालनच पुन्हा बोलली.

"मामा, मग दुसऱ्या कुणाचं तरी घालून बघा की. मशीन बिघडलं आसंल तर त्यांचं बी अडंल. ह्यांच्या आई-वडिलांचंच घाला."

गर्दीला ही कल्पना फार पसंत पडली. "घाला, घाला!" लोक ओरडले. शालूबाई तेवढ्या पदर तोंडाला लावून मागे सरल्या.

"घाला," हंबीरराव फेटा सारखा करत म्हणाले. "आमाला काय भ्या हाय? लिवा. जन्म एक जून."

"एक जून खरी का मास्तरनं घाटल्याली?"

"मास्तरनं. वर्गातल्या समद्यास्नी तीच हुती. खरी कुणाला ठावं?"

"चालतंय की!" आकारामराव म्हणाले. खात्री आता पुन्हा त्यांच्या अंगात येऊ लागली होती. "वैनी, तुमची?"

"दसऱ्याचा दिस," धोंडुबाई म्हणाल्या. "गुरं घराकडं येत हुती."

"साल?"

"माझ्या थोरल्या भावाच्या पाठची मी."

आकारामरावांनी भावाचं साल स्वतःच ठरवलं, त्यात थोडं मिळवलं, गुरांची वेळ नक्की केली आणि कळ दाबली. सगळी माणसं माना पुढे करून उभी राहिली. मशीन घरघरलं. निळी पाटी आली.

टुंक.

"बघिटलासा?" आकारामराव ओरडले. आपलं मशीन बंद पडल्याचा इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल.

पण धोंडुबाईंचा चेहरा उतरला होता. त्या नवऱ्याकडे वळल्या. "म्हंजे आपलं बी जुळत न्हाय व्हय?"

"मला लगीन झाल्याच्या दुसऱ्या दिशीच कळलं हुतं," हंबीरराव म्हणाले. गर्दीतून हशा आला आणि त्यांना जरा चेव चढला. "पिठल्यात मीठच न्हवतं."

"आन खाल्लासा कशाला मग चार येळा?" धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मळ्यातल्या पान्याच्या पाळीला रातभर तुमच्या संगट कंदील धरून कोण हुबं ऱ्हायलं? टायफाईड झाल्ता तवा दवाखान्यात उशाला कोण बसलं हुतं? सासूबाईंच्या म्होरं तुमची बाजू कुणी घेटली, तुमची चूक आसताना? सांगा की आता. मशीनला सांगा!"

हशा थांबला. हंबीररावांनी फेटा काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला. त्यांच्या घरात ही मोजदाद आजवर कुणी मोठ्याने केली नव्हती, आणि आता ती भर पेठेत झाली होती.

"आमचं कुणी बघिटलंच न्हवतं वो," ते आकारामरावांना म्हणाले, पण बोलणं बायकोसाठी होतं. "हिचा बा आन माझा बा वडगावच्या बाजारात बैलांचा सौदा कराय गेलतं. बैल न्हाय जमलं, आमचं जमवून आलं. गुण बिण कुणी काढलं न्हाईत." त्यांनी धोंडुबाईंकडे पाहिलं. "काढलं आसतं आन हे मशीन आसं अडलं आसतं, तर हिला सोडून मी माघारी गेलो आसतो की. केवढ्याला पडलं आसतं मला ते!"

धोंडुबाईंनी तोंड फिरवलं. डोळे पुसत नाही असं दाखवत त्यांनी ते पुसून घेतले.

"गुंडूआण्णा!" हंबीरराव एवढ्या मोठ्याने ओरडले की अल्लाउद्दीनच्या कानावरचा पेचकस खाली पडला. "या हिकडं. सुपारी कळंब्याला फोडू, पर भेट हितंच घ्यायची. माझा इचार झाला. मशीनचा हुईल तवा हुईल!"

सयाजीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "व्हय," एवढंच म्हणाला, पण मालनकडे बघून म्हणाला. मालनने पदर बोटावरून सोडला आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदम बाहेर आलं.

आता व्याहीभेट म्हटली की गळ्यात हार पाहिजे. हार कळंब्याला, घरात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. हंबीररावांनी इकडेतिकडे पाहिलं, केबिनमध्ये शिरले आणि शालूबाई "आवो, पूजंचा—" म्हणेपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरच्या कपाळावरचा झेंडूचा हार चिकटपट्टीसकट ओढून काढला. "पूजंचाच पायजे!" ते म्हणाले आणि तो गुंडूआण्णांच्या गळ्यात घातला. दोघांनी एकमेकांना उराशी धरलं. गुंडूआण्णा लहान पोरासारखे रडले आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

आकारामरावही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि हात हवेतच राहिले.

पडद्याच्या अगदी वर, इतका वेळ हार होता त्या जागी, स्वच्छ मराठी अक्षरांत एक ओळ होती:

'हंबीरराव – धोंडुबाई. माहिती मिळाली. गुण दाखवू का? हो किंवा नाही असे लिहा.'

म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं. सकाळपासून ते बिचारं फक्त होकाराची वाट बघत होतं. नव्या आवृत्तीत कंपनीने वाढवलेली सोय ती हीच: निकाल दाखवण्याआधी माणसाला एकदा विचारायचं. त्याचं तोंड आकारामरावांनी स्वतःच्या हाताने, मुहूर्त बघून, झेंडूने बंद केलं होतं. त्यांना हसावं की कपाळ बडवावं कळेना. पण सगळ्यात आधी त्यांच्या मनात आलं ते हे, की 'हो' लिहिलं तर आत्ताच्या आत्ता भिंतीवरचे चारही शब्द पुन्हा खरे ठरतील. त्यांची बोटं कळांवर गेली.

शेजारी अल्लाउद्दीन पेचकस उचलून उभा राहत होता. त्याने ओळ वाचली. त्याचा चेहरा उजळला. "आकारामभाई! मी काय म्हणलं हुतं? मशीन ठणठ—"

आकारामरावांनी त्याच्या पायावर पाय दिला.

काचेपलीकडून धोंडुबाई पाहत होत्या. बाकी सगळे जीपकडे निघाले होते, त्या तेवढ्या मागे राहिल्या होत्या. "काय वो भावजी," त्यांनी विचारलं, "चालू झालं काय?" विचारलं खरं, पण उत्तराची त्यांना धास्ती वाटत होती हे त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं.

आकारामरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जीपपाशी बायकोसाठी दार धरून उभ्या असलेल्या हंबीररावांकडे पाहिलं. मग टायपिंगच्या सरावलेल्या बोटांनी त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि शेवटची कळ दाबली.

'आभारी आहोत,' मशीन म्हणालं आणि पाटी कोरी झाली.

"न्हाय वो वैनी," आकारामराव पूर्ण खात्रीने म्हणाले. "पार बिघडलंय."

"बरं झालं," धोंडुबाई म्हणाल्या. "जेवाय या कळंब्याला. दोघंबी या. मिस्त्रीस्नी बी आणा."

पुरणपोळ्या उत्तम झाल्या होत्या. अल्लाउद्दीनने कटाच्या आमटीला तीनदा दाद दिली आणि मशीनबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून तो किती चांगला दोस्त आहे ते लक्षात यावं.

पुढच्या आठवड्यात आकारामरावांनी भिंतीवरचे चार शब्द चुना लावून पुसले. धंदा बसणार असं धरूनच चालले होते. पण दुसऱ्याच दिवशी गगनबावड्याकडचा एक माणूस आला. पावसापाण्यात रापलेला, डोक्याला टॉवेल. तो बाकावर बसून बाकीची गिऱ्हाइकं जायची वाट बघू लागला. कॉम्प्युटर घरघरत होता, एकामागून एक पत्रिका छापत होता. शेवटी केबिनमध्ये दुसरं कुणी नाही असं बघून तो पुढे सरकला.

"पावणं, एक इचारायचं हुतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आमचं पोरगं एका पोरीवर आडून बसलंय. पोरगी लाखात एक हाय, माणसं चांगली हायीत. पर भटजी म्हणतोय, गुण कमी पडत्यात. म्हातारी ऐकायची न्हाय."

"मग?"

"आमी म्हातारीला घिऊन येतो हितं." त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "ते परवा कळंब्याच्या पोरीच्या येळंला बिघडलं हुतं न्हवं? तसं आमच्या येळंला बी जरा बिघडंल काय?"

आकारामरावांनी चष्मा काढला, काचा सावकाश पुसल्या आणि पुन्हा घातला. शालूबाई दारात कान देऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"का न्हाय?" ते म्हणाले. "म्हातारीला घिऊन या, डोळ्यानं बघू द्या. शंभर टक्के बिघडंल. फकस्त येताना झेंडूचा एक हार आणा. आन जरा जाड बघून आणा."